इंजिनचा दिवा लागला तर आधी वही काढा, मग पाकीट



मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका बँक सखी ताईने अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम नऊ हजार, कारण 'गाडी दुरुस्ती'. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काय सांगू ताई, गाडी भल्लं पेट्रोल पिऊन राहिली. मीटरमधला पिवळा दिवा कधी लागते, कधी विझते. मिस्त्री म्हणते, गाडीचं डोकंच गेलं, कम्प्युटर बदला लागते."

तिचं कामच गाडीवर. सात गावं, रोजची फिरती, गटांचे पैसे भरणं-काढणं. गाडी बंद म्हणजे मानधन बंद. कर्ज मंजूर करायला कुणाची ना नव्हती. पण अध्यक्ष ताईंनी एक प्रश्न विचारला, "मिस्त्रीनं कोणता कोड आहे ते सांगितलं का?" ती म्हणाली, "कोड कायचा?"

त्या दिवशी कर्ज मंजूर झालं नाही. आधी गाडी पाहायचं ठरलं. शेवटी खर्च आला १८० रुपये. तो कसा आला, ते या पाठात पाहू. आज आपल्या कितीतरी सीआरपी ताया, पशुसखी, कृषी सखी स्कूटरवर फिरतात. हा पाठ मेकॅनिक व्हायसाठी नाही. मेकॅनिकसमोर उभं राहून बरोबर प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी आहे.

१. आधी चूल समजून घेऊ

चुलीत लाकडं कोंबली आणि हवा जायला जागाच ठेवली नाही, तर काय होते? धूर होतो, भांडी काळी होतात, लाकूड जास्त जळते आणि आच मात्र मंद. फुंकणीने हवा दिली की जाळ स्वच्छ होतो. गाडीचं इंजिन हीच गोष्ट करते, फक्त बंद डब्यात.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोल जळायला जवळपास ९ हजार लिटर हवा लागते! या हिशेबापेक्षा पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली, की त्याला मिस्त्री लोक 'मिक्चर रिच झालं' म्हणतात. उलट झालं, पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तर 'लीन'. रिच गाडी पेट्रोल खाते आणि काजळी करते. लीन गाडी तापते आणि ओढ घेत नाही.

जुन्या गाडीत हे प्रमाण कार्बोरेटर ठेवत होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून विकल्या गेलेल्या स्कूटरमध्ये साधारणपणे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असते. त्यात एक लहान कम्प्युटर असतो, त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. इंजिन किती तापलं, हवा किती आली, ॲक्सिलरेटर किती पिळला, हे सेन्सर त्याला सांगतात. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. जळल्यावर ऑक्सिजन किती उरला, ते तो सांगतो. या सगळ्यावरून ईसीएम ठरवतो, पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडायची.

एखाद्या सेन्सरची बातमी येईनाशी झाली, किंवा न पटणारी आली, की ईसीएम मीटरवरचा इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लावतो आणि एक आकडा लक्षात ठेवतो. तो आकडा म्हणजे कोड.

२. दिवा कसा वाचायचा

चावी फिरवल्यावर हा दिवा लागतो. ते बरोबर आहे, दिवा चालू आहे हे त्यावरून कळते. काही गाड्यांत तो थोड्या सेकंदांनी विझतो, काहींत इंजिन सुरू झाल्यावर. चावी फिरवल्यावर तो लागतच नसेल, तर तीही तक्रारच आहे. जुनी गाडी विकत घेताना हे नक्की पाहा.

चालू गाडीत दिवा लागून राहिला तर:

• गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरू नका. हळू चालवत घरी या.
• गाडी धक्के देत असेल, फार तापली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर बाजूला घ्या आणि बंद करा.
• चारचाकी मालवाहू गाडीत हा दिवा सतत उघडझाप करत असेल, तर इंजिनात ठिणगी चुकत आहे असं समजा. तशीच दामटली तर सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा महागडा भाग (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जळू शकतो.

पुष्कळ दुचाकींत मात्र उघडझापच कोड सांगते. गाडी स्टँडवर लावा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि दिव्याकडे पाहा. होंडाच्या इंजेक्शन गाड्यांची पद्धत अशी: लांब उघडझाप म्हणजे १०, छोटी म्हणजे १. एक लांब आणि दोन छोट्या, म्हणजे १२. फक्त आठ छोट्या, म्हणजे ८. कोड दोन असतील तर एकामागून एक दिसतात. त्या पद्धतीत नेहमी भेटणारे कोड हे:

• १ – हवेच्या दाबाचा सेन्सर
• ७ – इंजिनच्या तापमानाचा सेन्सर
• ८ – थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरचा) सेन्सर
• ९ – आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर
• १२ – इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलची पिचकारी
• २१ – ऑक्सिजन सेन्सर
• २९ – गाडी जागेवर चालू असताना हवा सोडणारा व्हॉल्व्ह
• ५४ – गाडी आडवी पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर

दुसऱ्या कंपनीच्या गाडीला ही यादी लावू नका. प्रत्येक कंपनीचे आकडे आणि मोजायची रीत वेगळी. उघडझाप मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे मोजताना चूक होत नाही. मग आपल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून अर्थ विचारा.

चारचाकीत आणि नव्या दुचाकीत कोड इंग्रजी अक्षर आणि चार आकड्यांचा असतो. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरकडचा बिघाड. त्यापुढे ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. हे चार लक्षात ठेवण्यासारखे:

• पी०१७२ – मिक्चर फार रिच
• पी०१७१ – मिक्चर फार लीन
• पी०३०० – ठिणगी चुकत आहे
• पी०११८ – इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरकडून आवाक्याबाहेरचा सिग्नल

हे वाचायला लहान स्कॅनर मिळतो. चारचाकीत तो डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावतात आणि मोबाईलवर कोड दिसतो. दुचाकीचा सॉकेट वेगळ्या आकाराचा असतो, त्याला जोडणारी वायर वेगळी घ्यावी लागते. एका बाईने विकत घेण्यापेक्षा प्रभागसंघाने एक घेतला तर सगळ्यांना पुरेल.

३. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

कोड हा बिघाडाचा पत्ता असतो. आरोपीचं नाव नसतो.

तापमान सेन्सरचा कोड आला, म्हणजे सेन्सर खराब झाला असं नाही. सेन्सर, त्याचं कनेक्टर, त्याची वायर आणि ईसीएम, या सगळ्या रस्त्यात कुठेतरी खोळंबा आहे, एवढंच तो सांगतो. गावाकडे तर वायरचा दुश्मन ठरलेला: उंदीर. दुसरा, गाडी धुवायचा जोराच्या पाण्याचा पाईप. पाणी कनेक्टरमध्ये शिरते आणि पितळी पिनांवर हिरवट गंज चढतो.

आपल्या बँक सखी ताईची हीच गत होती. दिवा मोजला, सर्व्हिस सेंटरला विचारलं, उत्तर आलं, "इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट." तिची गाडी वॉरंटीबाहेर होती, म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली आणि म्हटलं, "दादा, भाग बदलण्याआधी एवढं कनेक्टर उघडून पाहू न." आत हिरवा गंज.

आता पेट्रोल का जास्त लागत होतं, तेही समजून घ्या. हा सेन्सर थंड असताना विजेला जास्त अडवतो आणि तापला की कमी अडवतो. गंजामुळे अडथळा वाढला. ईसीएमला वाटलं, इंजिन थंडच आहे. थंड इंजिनला जास्त पेट्रोल द्यावं लागते, म्हणून तो बिचारा देत राहिला. गाडीच्या धक्क्याने कधी संपर्क पुरताच तुटला की दिवा लागे, पुन्हा जुळला की विझे. कम्प्युटर ठीक होता. त्याला बातमीच खोटी मिळत होती. कनेक्टर स्प्रेने साफ केलं, पिना घट्ट केल्या, वायरवर बाही चढवली. झाले १८० रुपये.

४. रिच आहे की नाही, घरीच पाच तपासण्या

पहिली: वही. टाकी पूर्ण भरा आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरा, किती लिटर बसलं ते लिहा. उदाहरण: ८,४१२ वर भरली, ८,५७४ वर पुन्हा भरली. १६२ किलोमीटर झाले, पेट्रोल ३.६ लिटर बसलं. १६२ भागिले ३.६, म्हणजे ४५ चं ॲव्हरेज. दोन महिन्यांनी तेवढ्याच १६२ किलोमीटरला ४.५ लिटर लागलं, तर ॲव्हरेज ३६ वर आलं. महिन्याला ६०० किलोमीटर फिरत असाल तर सव्वातीन लिटरहून जास्त पेट्रोल वाया. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याचे जवळपास ३४५ रुपये, वर्षाचे चार हजारांवर. गटातल्या बचतीएवढे पैसे धुरात जातात, बायांनो.

कुणी म्हणेल, "आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, म्हणून ॲव्हरेज पडलं." खरं आहे, पण हिशेब करून पाहा. आपल्या नागपूरला इथेनॉल नवं नाही, २०१४ मध्येच शहरात इथेनॉलवरची बस चालवून पाहिली होती. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ताकद असते. २० टक्के मिसळलं तर एकूण ताकद साधारण ६-७ टक्के कमी होईल. ४५ चं ४२ झालं तर ते इथेनॉलमुळे असू शकते. ३६ झालं तर दोष दुसरीकडे शोधा.

दुसरी: धूर आणि वास. सायलेन्सरमधून काळा धूर, कोरडी काजळी, पेट्रोलचा उग्र वास, या रिच मिक्चरच्या खुणा. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळत आहे, तो आजार वेगळा. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ निघून बंद झाली, तर काही नाही.

तिसरी: प्लग. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, टूलकिटमधल्या प्लग पान्याने प्लग काढून पाहा.

• फिका तपकिरी किंवा राखाडी – ठीक.
• काळा, कोरडा, काजळ लागावं तसा – रिच.
• काळा आणि तेलकट – ऑइल जळत आहे.
• पांढराफटक – लीन, किंवा गाडी जास्त तापते.

बसवताना आधी हातानेच फिरवा, आटे सरळ बसले की मगच पाना लावा. वाकडा बसला तर हेडचे आटे जातात आणि खर्च हजारात जातो. भीती वाटत असेल तर हे मिस्त्रीकडून करून घ्या, पण प्लग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

चौथी: एअर फिल्टर. आपल्याकडचे पांदणरस्ते, उन्हाळ्यातली धूळ आणि जिनिंगजवळचा कापसाचा कचरा फिल्टर लवकर बुजवतो. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर बुजला की मिक्चर सरळ रिच होते. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम काही प्रमाणात सांभाळून घेतो, पण ओढ कमी होते. फिल्टर फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून चालतो. तेलकट कागदाचा असेल तर धुवायचा नाही, झटकायचा नाही, हवा मारायची नाही. मुदत झाली की बदलायचा.

पाचवी: पीयूसीची पावती. आपण ती पोलिसाला दाखवायपुरती ठेवतो. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत छापलेला असतो. पेट्रोल अर्धवट जळलं की हा आकडा वाढतो. मागच्या आणि या वेळच्या पावत्या शेजारी ठेवा. आकडा बराच वाढला असेल तर दिवा लागो न लागो, गाडी तपासा. म्हणून जुनी पावती फेकू नका.

ॲव्हरेज पडलं म्हणजे रिचच असते असंही नाही. टायरमध्ये हवा कमी, ब्रेक घासत असणं, स्कूटरचा बेल्ट-क्लच झिजणं, यानेही पेट्रोल जास्त लागते. स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून पाहा. प्लग स्वच्छ आणि चाक जड, तर मिक्चरच्या मागे लागू नका.

५. कारण शोधायचा क्रम: स्वस्तातून महागाकडे

१. बॅटरीची टोकं घट्ट आणि स्वच्छ आहेत का? बॅटरी कमजोर असली की सेन्सरही चुकीचं बोलतात.
२. एअर फिल्टर आणि प्लग.
३. कोडने दाखवलेल्या जागेचं कनेक्टर आणि वायर.
४. जुन्या गाडीत चोक ओढलेला किंवा अडकलेला आहे का, कार्बोरेटरमधून पेट्रोल गळते का.
५. तो सेन्सर मीटर लावून मोजणं. हे काम मिस्त्रीचं.
६. इंजेक्टर गळतो का, पेट्रोलचा दाब जास्त आहे का. हेही मिस्त्रीचं.
७. ईसीएम. सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

बँक सखी ताईला सुरुवातच सातव्या पायरीपासून सांगितली होती. मिस्त्री लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे स्कॅनर नव्हता आणि त्याने अंदाज केला. पण अंदाज त्याचा आणि कर्ज आपलं, हे बरोबर नाही.

६. मिस्त्रीला विचारायचे चार प्रश्न

• "कोड कोणता आला? कागदावर लिहून द्या."
• "भाग खराब आहे हे कशावरून? मोजून पाहिलं का?"
• "आधी कनेक्टर आणि वायर पाहिली का?"
• "जुना भाग मला परत द्याल ना? बिल मिळेल ना?"

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर वायरिंग उघडू देऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. बिलावरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

दुरुस्तीनंतर दिवा पुष्कळदा गाडी काही वेळा चालवल्यावर आपोआप विझतो, नाहीतर स्कॅनरने कोड पुसावा लागतो. नुसता बॅटरीचा वायर काढून दिवा विझवणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर फोडणं. कोड पुसण्याआधी तो वहीत लिहाच.

७. जिवाची काळजी

देशभरातल्या पेट्रोल आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचे नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण घरातल्या अंगणात पेसो येणार नाही, तिथं आपणच पेसो.

• गाडी बंद खोलीत, दार लावलेल्या गोठ्यात चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. रिच गाडीत तो आणखी जास्त.
• चूल, उदबत्ती, बिडी यांच्याजवळ टाकी किंवा पेट्रोलची नळी उघडू नका.
• तापल्या सायलेन्सरला आणि प्लगला हात लावू नका. लेकरांना लांब ठेवा.
• इंजेक्शन गाडीची पेट्रोलची नळी घरी काढू नका, आत दाब असतो.

बैठकीत करायचा अभ्यास

१. प्रत्येक गाडीवाल्या ताईने या महिन्यात टाकी ते टाकी ॲव्हरेज काढून वहीत लिहावं आणि पुढच्या बैठकीत वाचावं.
२. प्रत्येकीने चावी ऑन करून इंजिनचा दिवा लागतो आणि विझतो का, ते पाहावं.
३. एका ताईची गाडी ४८ वरून ४५ वर आली, दुसरीची ४८ वरून ३७ वर. कुणी गाडी तपासायला न्यावी, आणि का? टक्केवारी काढून सांगा.
४. गाडी दुरुस्तीसाठी कर्ज मागताना अर्जासोबत कोड आणि अंदाजपत्रक जोडायचं का, यावर गटाने चर्चा करून ठराव करावा.

ज्या मुलींना यात गोडी वाटेल त्यांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, दुचाकी दुरुस्तीचा वर्ग यंदा कधी आहे ते विचारावं. आरसेटीचं प्रशिक्षण मोफत असते. पंचक्रोशीत एक बाई मेकॅनिक झाली, तर दहा गावांच्या ताया तिच्याकडे विश्वासाने जातील.

आणि ती बँक सखी? तिचं ॲव्हरेज पुन्हा ४४ वर आलं. नऊ हजारांचा अर्ज तिने मागे घेतला. त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईला शेळ्यांसाठी पैसे हवे होते, ते तिला मिळाले. वहीतली एक ओळ कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.